गोंधळ आणि शेजार : माहूर परिसराच्या संदर्भात ध्वनिनियमनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी भाषेत 'गोंधळ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कुलदेवतेसमोर संबळ-तुणतुण्याच्या साथीने रात्रभर चालणारे विधिनाट्य हा एक अर्थ होय, तर कलकलाट, बेशिस्त, कोणाचे कोणाला ऐकू न येणे हा दुसरा. ज्या देवतेच्या उपासनेशी पहिला अर्थ जोडला जातो ती रेणुकामाता माहूरची. एका घराचा कुलाचार भिंतीपलीकडच्या कानाला केव्हा उपद्रव वाटू लागतो, हा ध्वनिनियमनाचा मूळ प्रश्न या एकाच शब्दात सामावलेला आहे.

ध्वनिप्रदूषणाचा विचार बहुधा आरोग्यशास्त्र किंवा कायदा यांच्या चौकटीत केला जातो. प्रस्तुत लेखात तो शेजारसंबंधाचा इतिहास म्हणून केला आहे. त्यासाठी माहूर व नांदेड जिल्ह्याचा परिसर केंद्रस्थानी ठेवून तीन बाबींचा शोध घेतला आहे : (१) यंत्रपूर्व काळात आवाजाला मर्यादा कशा पडत होत्या, (२) ध्वनिक्षेपकाने व त्यानंतरच्या कायद्याने या मर्यादांचे काय केले, आणि (३) आभासी जगात शेजाऱ्याचा आवाज ज्या रीतीने आवरला जातो, त्यातून प्रत्यक्षातील गावाला काय शिकता येईल.

१. माहूरचा ध्वनिपरिसर

पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगररांगांत वसलेले माहूर हे महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते. रेणुकेचे मंदिर, दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखर ही तीन स्थाने वेगवेगळ्या टेकड्यांवर आहेत. डोंगरी किल्ला, सोनापीर दर्गा व पायथ्याचे गाव यांनी हा परिसर पूर्ण होतो. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील सरहद्दीचे ठाणे, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्याचा व १९६० पासून महाराष्ट्राचा भाग असा त्याचा राजकीय प्रवास आहे. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड १८५३ नंतर इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्याने ही नदी दोन राजवटींची सीमा बनली होती.

आश्विनातील नवरात्र, मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती, श्रावणातील परिक्रमा यांमुळे येथे वर्षभर यात्रेकरूंची ये-जा असते. मंदिरातील नगारा व घंटा, दर्ग्यातील कव्वाली, भोवतालच्या बंजारा तांड्यांवरील डफडे आणि आदिवासी पाड्यांवरील ढोल हे सर्व आवाज एकाच खोऱ्यात उमटतात. डोंगरी प्रदेशात उंचावरचा आवाज अडथळ्याविना खाली उतरतो व कड्यांवरून परततो. म्हणून येथे 'शेजारी' या संज्ञेत एका भिंतीपलीकडचा रहिवासी येतो, तसाच समोरच्या टेकडीखालचाही येतो.

२. गोंधळाची मर्यादा : रात्र, अंगण आणि आमंत्रण

परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या मस्तकाला तार ओवून तुणतुण्यासारखे वाद्य केले व त्याच्या नादात रेणुकामातेला वंदन केले, तेव्हापासून गोंधळाची प्रथा सुरू झाली, अशी आख्यायिका आहे. गोंधळ्यांमध्ये रेणुराई व कदमराई असे दोन मुख्य भेद असून रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे, तर कदमराई तुळजाभवानीचे उपासक होत. लग्न, जावळ, नवस फेडणे अशा प्रसंगी यजमानाच्या घरी चौक मांडला जातो, घट बसविला जातो, दिवटी पेटते. ठिकठिकाणच्या देवतांना आवाहन झाल्यावर आख्यान लागते आणि पहाटे आरतीने विधीची सांगता होते.

संबळ हे काही हलके वाद्य नव्हे. काठीने वाजविल्या जाणाऱ्या या जोडवाद्याचा आवाज रात्रीच्या शांततेत दूरवर जातो. तरीही हा विधी शेकडो वर्षे दाट वस्तीत चालू राहिला, याची कारणे त्याच्या रचनेतच सापडतात. पहिले म्हणजे त्याला प्रसंग होता. तो रोजचा नव्हता. दुसरे, त्याचा शेवट ठरलेला होता. पहाटेची आरती झाली की संबळ थांबणार हे सर्वांस ठाऊक असे. तिसरे, भावकीला व शेजाऱ्यांना आमंत्रण असे. ज्याची झोप मोडणार तो श्रोता म्हणून अंगणात बसलेला असे. चौथे कारण भौतिक आहे. हा आवाज माणसाच्या हातातून व गळ्यातून निघत होता. वादक थकला की आवाज उतरत असे. आवाज करणाऱ्याच्या श्रमाशी त्याचा पल्ला बांधलेला होता.

प्रसंग, शेवट, आमंत्रण आणि श्रम या चार बंधनांपैकी एकही लिखित नव्हते. ती रूढीने पाळली जात.

३. गावगाड्यातील आवाजाची उतरंड

या चित्राची दुसरी बाजू न मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. जुन्या गावातील संमती ही समानांची संमती नव्हती. दवंडी पिटणे, हलगी वाजविणे, मृत्यूचा सांगावा पोहोचविणे ही कामे जातीनुसार वाटून दिलेली होती. गावासाठी वाजविण्याची ज्यांच्यावर सक्ती होती, त्यांनाच स्वतःच्या लग्नाची वरात वाजतगाजत गावातून वा मारुतीच्या पारासमोरून नेण्यास अनेक ठिकाणी मज्जाव केला जाई. कोणाच्या दारात वाजवावे, कोणाच्या दारात थांबवावे, हे कानाच्या सोयीपेक्षा प्रतिष्ठेवरून ठरत असे. स्त्रियांच्या आवाजाला ओसरीची मर्यादा होती ती वेगळीच.

याचा अर्थ असा की, यंत्रपूर्व गावातील शांतता ही काही अंशी दडपलेल्या आवाजांची शांतता होती. पुढील काळात ध्वनिक्षेपकाचे जे उत्साहाने स्वागत झाले, त्यामागे हे कारणही होते. भीमजयंतीच्या सभेतील भाषण व भीमगीते कर्ण्यावरून साऱ्या गावाला ऐकू जाणे हा मराठवाड्यातील दलित वस्त्यांच्या दृष्टीने आत्मसन्मानाचा अनुभव होता. आवाज मोठा करण्याची इच्छा नेहमीच उपद्रवातून जन्मते असे नाही; आजवर ऐकूच न घेतल्याच्या वेदनेतूनही ती जन्मते. ध्वनिनियमनाचा कोणताही विचार या वास्तवाला वळसा घालून करता येत नाही.

४. वाद्य, मिरवणूक आणि राज्यसत्ता

रूढीचे बंधन तुटते तेथे राज्यसत्ता प्रवेश करते. ब्रिटिश हिंदुस्थानात भारतीय दंडसंहितेने (१८६०) सार्वजनिक उपद्रव हा गुन्हा ठरविला, तर १८६१ च्या पोलीस कायद्याने सणासमारंभात रस्त्यावर किती वाद्ये वाजवावीत याचे नियमन पोलिसांकडे सोपविले. १८९३ मध्ये मुंबईत व १८९४ मध्ये पुण्यात झालेल्या हिंदु-मुस्लिम दंगलींच्या चर्चेत प्रार्थनास्थळासमोरील वाद्यांचा प्रश्न अग्रभागी होता. सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभही याच काळातला. आवाज हा दोन घरांमधील विषय न राहता दोन समाजांमधील विषय बनला. हैदराबाद संस्थानात सार्वजनिक सभांवरील निर्बंधांसाठी 'गश्ती निशाण ५३' प्रसिद्धच आहे. तेथे सार्वजनिक आवाज हा शेजाराच्या सोयीपेक्षा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न मानला जाई.

१९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे (आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) कलम ३८ या दृष्टीने लक्षणीय आहे. परिसरात राहणाऱ्या वा मालमत्ता धारण करणाऱ्या व्यक्तींना त्रास, अडथळा वा अस्वस्थता होऊ नये म्हणून गायन, वादन व अन्य आवाज यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार हे कलम अधिकाऱ्यांना देते. दंगलीच्या भीतीपासून वेगळा असा साधा शेजारी येथे कायद्याच्या भाषेत आला.

५. ध्वनिक्षेपक : शेजाराचा विस्तार

१९१५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे जेन्सन व प्रिडहॅम यांनी मोठ्या जमावासमोर ध्वनिक्षेपकाचे यशस्वी प्रात्यक्षिक केले. पुढील काही दशकांत हे यंत्र भारतात सभा, चित्रपटगृहे व देवस्थाने येथे पोहोचले. त्याने गोंधळाच्या चारही बंधनांना एकाच वेळी धक्का दिला. ध्वनिमुद्रिका व पुढे ध्वनिफीत आल्यावर वादकाच्या उपस्थितीचीही गरज उरली नाही. यंत्र थकत नाही. त्यामुळे शेवट ठरविणारे कोणी राहिले नाही. आमंत्रण न देताही श्रोता मिळू लागला.

या बदलाचे गणित साधे आहे. डेसिबल हे लघुगणकी माप असून १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनितीव्रतेत दहापट वाढ होय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. या हिशेबाने एक मीटरवर १०० डेसिबल आवाज देणारा कर्णा १० मीटरवर ८० आणि १०० मीटरवर ६० डेसिबल ऐकू येईल. निवासी क्षेत्रासाठी दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा गाठण्यास सुमारे १८० मीटर, तर रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा गाठण्यास सुमारे ५६० मीटर अंतर लागेल. झाडे, भिंती, वारा यांनी हे आकडे बदलतात. परंतु तात्पर्य बदलत नाही. रात्र झाली की त्याच कर्ण्याच्या शेजाराची त्रिज्या तिपटीहून अधिक व क्षेत्रफळ सुमारे दहापट होते. माहूरसारख्या ठिकाणी, जेथे मंदिरे उंचावर व वस्ती खाली आहे, तेथे या दोन्हींच्या मध्ये आडोसाही थोडा असतो.

भाषेनेही या बदलाची नोंद घेतली आहे. 'डॉल्बी' हा शब्द मराठवाड्यात मिरवणुकीतील कर्णकर्कश यंत्रणेसाठी रूढ झाला. वस्तुतः रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेली संस्था नावारूपास आली ती ध्वनिफितीवरील अनावश्यक खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. आवाज स्वच्छ करणाऱ्याचे नाव कलकलाटाला मिळावे, हा विपर्यास 'गोंधळ' या शब्दाच्या दोन अर्थांची आठवण करून देणारा आहे.

६. कायद्याची मोजपट्टी

१९८७ च्या दुरुस्तीने १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यात ध्वनीचा समावेश 'प्रदूषक' म्हणून झाला. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम अधिसूचित झाले. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७०, वाणिज्य क्षेत्रात ६५ व ५५, निवासी क्षेत्रात ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशा मर्यादा ठरल्या. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी चेन्नईतील एका वसाहतीच्या रहिवासी संघाने प्रार्थनागृहाविरुद्ध लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, इतरांची शांतता भंग करून ध्वनिवर्धकावर प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा दिला.

२००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. महाराष्ट्रात या दिवसांत गणेशोत्सव व नवरात्रातील काही दिवसांचा समावेश होत आला आहे. २०१० च्या दुरुस्तीने शेजाराचे मोजमाप अधिक नेमके केले. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या विहित मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक नसावा, असे ठरले. याच दुरुस्तीने रात्रीच्या निर्बंधात ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्यांचाही स्पष्ट उल्लेख केला. अपवाद केला तो सभागृहासारख्या बंदिस्त जागेचा व आणीबाणीचा.

येथे माहूरच्या दृष्टीने खरा पेच उभा राहतो. दिवटीच्या उजेडात, मोकळ्या अंगणात, पहाटेपर्यंत चालणारा गोंधळ हा नियमाच्या अक्षराने पाहता निषिद्ध रात्रीतच येतो. मग त्यात एकही कर्णा नसला तरी चालेल. हाताने वाजणारा संबळ आणि भिंतीएवढ्या पेट्यांतून निघणारा आवाज यांना रात्रीच्या घड्याळापुढे एकाच पंक्तीत बसविले गेले. पल्ला मोजणाऱ्या नियमाला आमंत्रण मोजता येत नाही. मात्र याचा दोष केवळ नियमकर्त्यांकडे जात नाही. आज अनेक गोंधळ ध्वनिक्षेपक लावूनच होतात, आणि कर्णा लावताक्षणी तो विधी आमंत्रितांच्या अंगणातून बाहेर पडून अनाहूतांच्या घरात शिरतो.

१८ जुलै २००५ रोजीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या घरात शांततेने राहणे हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे व कोणावरही ऐकण्याची सक्ती करता येत नसल्याचे स्पष्ट केले. या प्रकरणाची पार्श्वभूमी विसरता येण्यासारखी नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या एका मुलीच्या किंकाळ्या परिसरातील ध्वनिक्षेपकाच्या आवाजात कोणालाही ऐकू गेल्या नाहीत, या वृत्ताने अस्वस्थ होऊन अनिलकुमार मित्तल या अभियंत्याने ही याचिका केली होती. ध्वनिनियमनाचा अंतिम हेतू काय, याचे उत्तर या घटनेत आहे. झोप व आरोग्य महत्त्वाचे आहेतच. परंतु त्याही आधी, शेजाऱ्याची हाक ऐकू आली पाहिजे.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणाचाही मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबईतील एका रहिवासी संघाच्या याचिकेवर ध्वनिक्षेपक हे धर्माचे अत्यावश्यक अंग नसल्याचे पुन्हा स्पष्ट करून तक्रारदाराची ओळख उघड न करण्याचे निर्देशही दिले. तक्रारदाराचे नाव लपवावे लागणे हे शेजारसंबंधाच्या अवस्थेचेच द्योतक आहे. ज्या शेजाऱ्याला पूर्वी आमंत्रण द्यावे लागे, त्याला आता निनावी राहावे लागते.

७. बारडचा ठराव

न्यायालय व रूढी यांच्या दरम्यान तिसरा मार्ग नांदेड जिल्ह्यातच सापडतो. मुदखेड तालुक्यातील बारड या गावाने २०१८ मध्ये ग्रामपंचायतीत एकमताने ठराव करून सर्व प्रार्थनास्थळांवरील ध्वनिक्षेपक बंद केले. मंदिरे, मशीद व बुद्धविहार यांना हा निर्णय सारखाच लागू झाला. २०२२ मध्ये भोंग्यांच्या प्रश्नावरून राज्यभर राजकीय वाद पेटला, तेव्हा हा प्रश्न आधीच मिटविलेले गाव म्हणून बारडची चर्चा झाली.

या ठरावाचे महत्त्व डेसिबलमध्ये नाही. तो कोणा एका समाजाने दुसऱ्याविरुद्ध केलेला नव्हता, त्यात सर्वांनी सारखेच सोडले आणि तो लिखित होता. जुन्या रूढीत संमती होती पण समानता नव्हती; कायद्यात समानता आहे पण शेजाऱ्यांनी आपसांत दिलेली संमती नाही. बारडमध्ये या दोहोंचा मेळ बसलेला दिसतो.

८. आभासी जगातील शेजार

एकविसाव्या शतकात शेजाराचा एक नवा प्रकार निर्माण झाला. २००३ मध्ये लिंडन लॅब या अमेरिकी संस्थेने सुरू केलेल्या 'सेकंड लाईफ' या आभासी जगात लोक भूखंड घेतात, घरे बांधतात, मैफली भरवितात. २००७ पासून तेथे प्रत्यक्ष आवाजात संभाषणाची सोय झाली. तेथेही शेजाऱ्याच्या आवाजाचा प्रश्न आलाच. त्यावरील उपाय मात्र प्रत्यक्ष जगात अशक्य असा होता. भूखंडाच्या धन्याने एक खूण केली की त्याच्या हद्दीतील आवाज हद्दीबाहेर जात नाही. आणि प्रत्येक श्रोत्याला आवाज कमी करण्याची, इतकेच नव्हे तर विशिष्ट व्यक्तीचा आवाज पूर्ण बंद करण्याची मुभा असते. आवाज आवरण्याची जबाबदारी करणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे सरकली.

महाराष्ट्राने या व्यवस्थेचा अनुभव महासाथीच्या काळात घेतला. २०२० चे नवरात्र मंदिरांची दारे बंद असताना पार पडले. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेच्या दिवशी ती पुन्हा उघडली. मंदिरे बंद असलेल्या काळात आरत्या, कीर्तने, प्रवचने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली. भक्ताने हवी तेवढीच पातळी ठेवली. शेजाऱ्यास त्रास झाला नाही. पण शेजाऱ्याचा सहभागही उरला नाही.

आभासी जगाची ही सोय जितकी आकर्षक, तितकीच अपुरी आहे. तेथे एका खुणेने शेजारी मूक करता येतो. परंतु मूक केलेल्या शेजाऱ्याने मदतीसाठी हाक मारली तर तीही ऐकू येत नाही. कलकलाटात बुडालेली हाक आणि बंद केलेल्या आवाजाआड राहिलेली हाक यांचा परिणाम एकच होतो. माहूरच्या खोऱ्यात भूखंडाच्या हद्दीवर आवाज अडविणारी खूण नाही. म्हणून तेथे माणसांना एकमेकांशी बोलून मर्यादा ठरवावी लागते; ही उणीव वाटली तरी तीच शेजाराची जपणूकही आहे.

निष्कर्ष

१. यंत्रपूर्व काळातील आवाजाला प्रसंग, ठरलेला शेवट, आमंत्रण व शारीरिक श्रम या चार मर्यादा होत्या. गोंधळ हा विधी त्याचे उत्तम उदाहरण होय. त्या मर्यादा समतेवर आधारलेल्या नव्हत्या, हेही तितकेच खरे.

२. ध्वनिक्षेपकाने आवाजाचा पल्ला श्रमापासून तोडला व शेजाराची हद्द अनेकपटींनी वाढविली. त्याचबरोबर दडपलेल्या समाजघटकांना सार्वजनिक आवाज दिला. त्यामुळे नियमनाचे ओझे एकाच गटावर पडता कामा नये.

३. २००० पासूनच्या नियमांनी पातळी व वेळ यांचे समान माप दिले. मात्र यंत्राविना होणारा पारंपरिक रात्रविधी व यांत्रिक गोंगाट यांतील भेद ते पुरेसा करीत नाहीत. यंत्राविना, ठरलेल्या मुदतीत व शेजाऱ्यांना पूर्वसूचना देऊन होणाऱ्या विधींचा स्वतंत्र विचार होणे योग्य ठरेल. ज्यांना कर्णा लावावयाचा आहे, त्यांनी १० वाजता तो उतरविला पाहिजे.

४. बारडसारखे ग्रामसंमतीचे लिखित व सर्वांना समान असे ठराव, कायद्याच्या चौकटीत राहून, तीर्थक्षेत्रांच्या गावांनाही करता येतील.

५. ध्वनिनियमनाची कसोटी निव्वळ शांतता ही नाही. देवीसमोरचा संबळ वाजावा, दर्ग्यातील कव्वाली रंगावी, जयंतीची मिरवणूक निघावी आणि या सर्वांत कोणत्याही घरातून आलेली हाक शेजारच्या घरी ऐकू जावी, इतपत आवाजाला आवर असणे, ही ती कसोटी होय. 'गोंधळ' या शब्दाचा पहिला अर्थ टिकवावयाचा असेल, तर दुसऱ्या अर्थाला गावानेच मर्यादा घातली पाहिजे.